मदत हवी आहे: जुनापाणीच्या शिलावर्तुळांची मोजणी, होकायंत्र दगडाजवळ गेलं की भलतंच दाखवतं

नमस्कार मंडळी. मी नागपुरात एका मराठी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते आणि विज्ञान मंडळ बघते. रमण विज्ञान केंद्र, तिथलं तारांगण, हे सगळं मुलांचं पाहून झालंय, छानच आहे, पण तिथे मुलं बघतात आणि परत येतात, स्वतः काही मोजत नाहीत. म्हणून यंदा काटोल रोडवरच्या जुनापाणीला जायचं ठरवून राहिलो आहोत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तिथे माळावर मोठमोठे दगड गोल मांडून केलेली जवळपास तीनशे वर्तुळं आहेत, लोहयुगातल्या लोकांची दफनं. १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्यांच्याबद्दल लिहिलं होतं. काही दगडांवर वाटीसारखे बारके खळगे कोरलेत आणि हे खळगेवाले दगड वर्तुळात कोणत्या दिशेला येतात, त्याचा आकाशाशी काही संबंध लागतो का, यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या लोकांनी अभ्यास केलाय. हे वर्गात सांगितलं तर एक मुलगी म्हणाली, मॅडम, मग आपणच मोजू ना, आणि तेव्हापासून पोट्टे दुसरं काही बोलूनच नाही राहिले!

आता अडचण अशी की सराव म्हणून सेमिनरी हिल्सला गेलो होतो, तिथे एका मोठ्या काळ्या दगडाजवळून दोन गटांनी एकाच झाडाची दिशा घेतली तर दोघांच्या आकड्यात बराच फरक, एका गटानं होकायंत्र दगडावर ठेवलं होतं आणि दुसरा गट थोडा लांब उभा होता. शाळेच्या मैदानावर तीच होकायंत्रं बरोबर चालतात. मोबाईलमधलंही तसंच नाचत होतं. मुलं विचारतात कोणता आकडा खरा, आणि मला त्यांना नुसतं "सरासरी काढा" असं सांगून मोकळं व्हायचं नाहीये, कारण दिशाच चुकली तर पुढे सूर्याशी जुळवण्यात काही अर्थ राहत नाही, आणि हा तक्ता ती विज्ञान प्रदर्शनात आपल्या नावानं मांडणार आहेत.

तर हे सांगा
- दिशा नीट घ्यायची कशी? थिओडोलाइट (सर्व्हेवाल्यांचं कोन मोजायचं यंत्र) वगैरे आमच्याकडे नाही, होकायंत्रं, टेप, सुतळी, कोनमापक एवढंच.
- जागा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, नुसतं टेप लावून मोजायलाही परवानगी लागते का?
- मुलींसाठी बाथरूमची सोय जवळपास कुठे आहे, अलीकडे कोणी गेलं असेल तर प्लीज सांगा, याच्यावर पालकांची संमती अडून राहते.

प्रतिसाद

ताई, तुमची होकायंत्रं बिघडली नाहीत. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, त्यात मॅग्नेटाइट हे लोखंडाचं चुंबकीय खनिज असतं, म्हणजे दगड स्वतःच थोडा चुंबक असतो, आणि वीज पडलेला दगड असेल तर जास्तच. दगडावर होकायंत्र कधीच ठेवू नका. वर्तुळाच्या मध्यावर उभं राहून खळग्याच्या दगडाची दिशा वाचा, मग त्याच रेषेत दगडाच्या मागे चांगलं लांब जाऊन मध्याकडे बघून परत वाचा. दोन्हीत बरोबर १८० अंशांचा फरक आला पाहिजे, नाही आला तर तिथे गडबड आहे असं समजून ते वाचन बाजूला ठेवा. नागपुरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाहूनही कमी फरक आहे त्यामुळे त्याची काळजी नको.

प्रतिसाद

मी तर म्हणतो होकायंत्र फक्त पडताळ्याला ठेवा. सपाट जागी एक मीटरची काठी ओळंब्यानं सरळ उभी करा, तिच्याभोवती सुतळीनं वर्तुळ काढा, सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला कुठे शिवतं आणि दुपारनंतर परत कुठे शिवतं ते दोन खुणा करून ठेवा. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम, त्याला लंब काढला की खरी उत्तर. याला दगडाचं चुंबकत्व काहीच करू शकत नाही. सर्वात छोटी सावली बाराला पडेल असं मुलांना वाटतं पण आपली घड्याळं ८२.५ रेखांशाच्या वेळेवर चालतात आणि नागपूर त्याच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे २२ डिसेंबरच्या सुमारास ती बारा वाजून बारा-तेरा मिनिटांनी पडते. आणि जमलं तर २२ डिसेंबरच्या आसपासच जा, त्या दिवशी आपल्याकडे माध्यान्हीला सूर्य साधारण ४५ अंशांवर असतो म्हणजे एक मीटर काठीची सावली जवळजवळ एक मीटरच, पोरांना हिशेब डोळ्यांनी दिसतो. त्या दिवसांत सूर्य पूर्वेपासून साधारण २५ अंश दक्षिणेकडे उगवतो. पण हा आकडा मोजणाऱ्या गटाला आधी सांगू नका हो, नाहीतर जुळणारेच दगड दिसायला लागतात. सगळ्या खळग्यांच्या दिशा लिहा, न जुळणाऱ्याही, आणि बिनखळग्याचे काही दगडही तसेच मोजा, तुलनेला.

प्रतिसाद

परवानगीचं म्हणाल तर मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र पुरातत्त्व खात्याच्या नागपूर मंडळाला आधीच द्या, त्यात विद्यार्थी किती, काय मोजणार, खोदणार नाही, खडूनं खुणा करणार नाही, दगड हलवणार नाही हे स्पष्ट लिहा. काठीसुद्धा जमिनीत खुपसू नका, वाळूच्या डब्यात उभी करा. बाथरूमचं म्हणाल तर तेही पत्र द्यायला जाल तेव्हाच विचारून घ्या, आणि बस दिवसभर तिथेच थांबेल असं ठरवा. तिथे बसायला सावली नाही, पाणी सोबत भरपूर घ्या.

धागाकर्ती

खूप खूप आभार सगळ्यांचे! १८० अंशांचा पडताळा सोमवारी लगेच मैदानावर करून घेते, आणि मोजणारा गट वेगळा, सूर्याचा हिशेब करणारा गट वेगळा असंच ठेवणार, ही गोष्ट मला फारच आवडली. वाळूच्या डब्याचंही पटलं. एकच शंका उरली, माळ थोडा उताराचा असेल तर वर्तुळ काढायची जागा सपाट आहे हे कसं बघू? गवंडी वापरतात तशी पाण्याची नळी चालेल का?

प्रतिसाद

चालेल ना. त्यापेक्षा सोपं, घरून प्लायवूडची मोठी फळी न्या, चार कोपऱ्यांखाली पुठ्ठे सारून लेव्हल करा, आणि वर्तुळ फळीवरच कागद चिकटवून काढा. फळीवर काठी छोटी घ्या, २० सेंटिमीटरची पुरे. खुणा झालेला कागद तसाच प्रदर्शनात लावता येईल.