ब्रिजला वॉटरप्रूफ गोंद नको
पाण्याने सुटत नाही तोच गोंद गिटार बनवायला उत्तम, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. गिटारचे काही सांधे कधी ना कधी उघडावेच लागतात. ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची लाकडी पट्टी, उचलला जातो; नेक, म्हणजे गिटारचा दांडा, रिसेट करावी लागते, म्हणजे काढून नीट कोनात पुन्हा बसवावी लागते. तेव्हा उष्णतेने आणि ओलाव्याने सुटणारा गोंदच हवा.

खरी परीक्षा ब्रिजची. स्टीलच्या सहा तारांचा एकूण ताण साधारण ७०-८० किलो, तोही सतत. साधा पांढरा पीव्हीए (फेविकॉलसारखा लाकडाचा गोंद) उन्हात तापलेल्या गाडीत मऊ पडतो आणि ब्रिज हळूहळू पुढे सरकतो. पिवळा टाइटबॉन्ड ओरिजिनल हा लाकडाचा गोंद त्यामानाने कडक सुकतो. पहिल्या गिटारला खुशाल तोच वापरा.

सरस (जनावरांच्या कातडी-हाडांचा गोंद) मात्र माझ्या विशेष आवडीचा. काचेसारखा कडक होतो, आणि जुन्या सरसावर नवा सरस धरतो, जे पीव्हीएला जमत नाही. फक्त तो साधारण ६० अंशांवर गरम ठेवायचा, लाकूडही आधी कोमट करून घ्यायचं आणि मिनिटभरात क्लॅम्प आवळायचे. उशीर झाला की त्याची जेली होते आणि सांधा कच्चा राहतो.

रोझवूडचा ब्रिज असेल तर तळ चिकटवण्याच्या अगदी आधी स्क्रेपरने खरवडून ताजा करा. त्यातलं तेल वर आलं की कुठलाच गोंद नीट धरत नाही.