मदत हवी आहे : घाटवाटेवरच्या कॅम्पेनसाठी एल्फ-ड्वार्फ कसे बदलावेत? (आणि 'रेस'ला मराठीत म्हणावं काय?)

ओसरी :

नमस्कार मंडळी. डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून गोष्ट रंगवत खेळायचा खेळ) खेळणारे इथे चार-दोन जण आहेत हे एका जुन्या धाग्यात दिसलं, म्हणून विचारायचं धाडस करतेय.

आमचा पाच जणांचा कंपू, डीएम (गोष्ट चालवणारी) मी. पुस्तक २०१४चं, फिफ्थ एडिशन. मागच्या कॅम्पेनला (अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीला) "हवी ती रेस घ्या" म्हणाले, म्हणजे पात्र हव्या त्या प्रकारच्या जीवाचं घ्या, आणि पस्तावले. एक आराकोक्रा (पक्षीमाणूस), एक टॉर्टल (कासवमाणूस), एक टीफलिंग (शिंगं-शेपटीवाला), एक ड्रॅगनबॉर्न (ड्रॅगनमाणूस). दहाव्या सेशनपर्यंत समोर कासव बसलंय हे मी विसरले, आणि ते खेळणाराही विसरला. सगळे आपले कोथरूडचेच, एकाला पंख तेवढे जास्त.

या वेळी चारच रेस ठेवायच्या, पण त्यांना त्या जगात काहीतरी अर्थ हवा. जग नाणेघाटावरून सुचलंय : वर जुन्नरसारखं पठारावरचं शहर, खाली कल्याण-सोपाऱ्यासारखी बंदरं, मधे एकच अरुंद वाट आणि माथ्यावर जकातीचा दगडी रांजण. घाट ज्याच्या ताब्यात, राज्य त्याचं. पावसाचे चार महिने वाट जवळजवळ बंद.

इथवर मजेत चाललं होतं. मग रेस बसवायला घेतल्या. ड्वार्फ (परीकथेतले बुटके, दणकट) लेणी खोदणारे, म्हणून त्यांचं नाव ठेवलं पाथरवट. एल्फ (टोकदार कानांचे) रानातले, तिरंदाज. हाफलिंग (माणसाच्या निम्म्या उंचीचे) बैलांचे तांडे हाकणारे. ग्रुपवर टाकलं, तर एकीचं उत्तर आलं, "तू गावगाड्यातल्या जातीजमातींना टोकदार कान लावलेस फक्त."

झोंबलं, कारण बरोबर होतं. पाथरवट ही खरीखुरी जात आहे. रानातले तिरंदाज म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर कोण येतं ते वेगळं सांगायला नको. त्यात पुस्तकाप्रमाणे ड्वार्फला दगडकामाची जाण उपजतच, म्हणजे बापाचा धंदा रक्तातून आला! परदेशी परीकथेत हे खपून जातं. आपल्या घाटात आणलं की त्याला भलताच वास येतो. वर मी कळस म्हणजे लिहिलं होतं, "आपापली जात ठरवून रविवारपर्यंत कळवा." सगळ्यांनी वाचलं, दोन तास कुणी बोललं नाही.

तर हे सोडवायचं कसं? शिवाय एल्फ सातशे वर्षं जगतो. रांजण खोदताना ज्याने पाहिला तोच खेळाडूंच्या टोळीत असेल, तर मी रहस्य कशाचं करू? आणि डार्कव्हिजन. या पुस्तकातल्या नऊ रेसपैकी सहांना अंधारात दिसतं. मशाल विझल्यावर घाटात भीती वाटायला नको का?

वीसतोंड्या :

सोप्यापासून सुरुवात. आयुर्मानावर नियमांचं जवळजवळ काहीच टांगलेलं नाही. एल्फला ऐंशी वर्षं द्या, काही मोडत नाही. डार्कव्हिजन सगळ्यांचं काढा, किंवा एकाच रेसला ठेवा. एकालाच दिसत असेल तर उलट मजा येते. बाकीचे त्याचा हात धरून चालतील आणि तो खोटं बोलू शकेल.

नावाचं म्हणाल तर 'वंश' ठीक आहे, पण भाषणात शिरल्यासारखं वाटतं. यक्ष, राक्षस, गंधर्व यांना अमरकोशात 'देवयोनी' म्हटलंय. शब्द अस्सल, पण टेबलावर "तुझी योनी कोणती" असं विचारून खेळ पुढे सरकेल याची हमी मी देत नाही.

जुना भिडू :

ताई, ही गाठ तुम्ही घातलेली नाही, ती खेळाच्या मुळातच आहे. १९८१च्या बेसिक संचात एल्फ, ड्वार्फ आणि हाफलिंग हे चक्क क्लास (पात्राचं काम) होते. माणूस फायटर होईल नाहीतर चोर होईल, ड्वार्फ मात्र ड्वार्फच. जन्माला आला की काम ठरलेलं. पुढे रेस आणि क्लास वेगळे झाले, तरी त्याचं खरकटं उरलंच.

२०१४चा ड्वार्फ उघडून ओळीओळीवर बोट ठेवा. विषाचा त्रास कमी होणं, अंधारात दिसणं : हे शरीर. कुऱ्हाड-हातोडा चालवता येणं, दगडकामाची माहिती : हे शिकवण. एकाच चौकटीत दोन्ही कोंबलंय. एल्फचंही तेच. चार तासांच्या समाधीत रात्रीची विश्रांती पुरते हे शरीर, धनुष्य मात्र कुणीतरी शिकवलेलं असणार. प्रकाशकांनाही हे उशिरा का होईना उमगलं. २०२०मध्ये स्टॅटचे (ताकद, चपळाई अशा गुणांचे) बोनस हवे तिथे हलवायची मुभा दिली, २०२४च्या पुस्तकात ते थेट बॅकग्राउंडकडे (पात्राच्या पूर्वायुष्याकडे) गेले आणि 'रेस' जाऊन 'स्पीशीज' शब्द आला.

मी दोन शब्द वापरेन : घडण आणि वळण. घडण म्हणजे अंगाची, ती जन्माने येते. वळण म्हणजे घरात, गावात, कामात लागलेलं, आणि ते कुणालाही लागू शकतं. लेणी खोदणाऱ्या गावात वाढलेल्या एल्फलाही दगड कळेल. बंदरावर वाढलेल्या ड्वार्फला कळणार नाही, त्याला भरती-ओहोटी कळेल. कॅरेक्टर शीटवर दोन रकाने करा. तांडा, लेणं, बंदर, रान ही सगळी वळणं झाली. कुठल्याच घडणीची ती मक्तेदारी नाही.

मग प्रत्येक घडणीला एकच विचारायचं, या घाटात तिच्या अंगाचा उपयोग काय? एल्फ चार तासांत ताजातवाना होतो, म्हणजे रात्रीच्या पहाऱ्याला सगळे त्यालाच उठवणार आणि तो वैतागणार. ड्वार्फला विष कमी बाधतं, म्हणून अनोळखी विहिरीचं पाणी आधी त्याने चाखायचं, असा रिवाज पडलेला असेल. हा मान की अन्याय, यावर तुमचं एक अख्खं सेशन निघेल.

चकवा :

वरच्याला जोडून. १९९१च्या डार्क सन या खेळाच्या जगात आधी वाळवंट ठरलं, मग माणसं. एल्फ धावत मैलोगणती जाणारे, हाफलिंग नरभक्षक, आणि नोम (आणखी एक बुटकी रेस) तर शिल्लकच नाहीत. २००४च्या एबेरॉन या दुसऱ्या जगात हाफलिंग डायनोसॉरवर बसून फिरतात. वगळणं हेही बदलणंच आहे. तुम्ही चार ठेवताय, तर बाकीच्यांचं काय झालं हे कुणीतरी विचारणारच. रिकामी पडलेली लेणी कुणाची होती, याचं उत्तर तिथे सापडेल.

यक्ष-नाग-राक्षस ही नावं मात्र जपून. या खेळात राक्षस म्हणजे वाघाच्या डोक्याचा, उलट्या तळव्यांचा दुष्ट. आपल्याला राक्षस म्हटलं की घटोत्कचही आठवतो. टेबलावर भांडण ठरलेलं.

ओसरी :

घडण-वळण एकदम पटलं! काल रात्री शीट नव्याने केली. पाथरवट खोडलं. घडणी चार : माणूस, एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग. वळणं सहा, आणि प्रत्येकाने घडणीच्या नेहमीच्या साच्यात न बसणारं वळण घ्यायचं असा नियम केला. ज्या मैत्रिणीने टोकलं होतं तिने बंदरावर वाढलेली ड्वार्फ घेतली, जकात चुकवून माल वर नेणारी. डार्कव्हिजन फक्त तिलाच. वीसतोंड्या, खोटं बोलायला तिला शिकवावं लागणार नाही.

एक अडलंय. मागचा आराकोक्रावाला पंख सोडायला तयार नाही. म्हणतो, घडण पाचवी कर. पण पहिल्याच लेव्हलला पन्नास फूट उडणारा आला, तर माझा घाट, कडा, रांजण सगळं फुकट. कड्यावरून जाईल की हा सरळ.

जुना भिडू :

जाऊ दे की. आराकोक्राला मध्यम किंवा जड चिलखत घालून उडता येत नाही, तोच नियम थोडा ताणून पाठीवरच्या ओझ्यालाही लावा. पंखांनी तो एकटा जाईल, बैलांवरचा माल जाणार नाही. आणि जकात मालावर असते.