पत की ऐपत? राष्ट्राबद्दल लिहिताना कोणता शब्द?

प्रश्न:
सुएझ प्रकरणावर लिहितोय, म्हणजे इजिप्तनं सुएझ कालवा ताब्यात घेतल्यावर ब्रिटन-फ्रान्सनं केलेल्या चढाईवर. 'ब्रिटनची आर्थिक ताकद कमी पडली' हे वाक्य गुळमुळीत वाटतं. 'ऐपत' लिहू की 'पत'? अर्थ एकच ना?

प्रतिसाद १:
छे, एक कसा? ऐपत म्हणजे आपल्या गाठीला आहे ते. पत म्हणजे आपल्या शब्दावर दुसरा किती सोडायला तयार आहे ते. 'ऐपत नाही' म्हणतो, पण 'पत गेली' म्हणतो. बाजारातून उठते ती पतच.

सुएझला 'पत'च चपखल. नोव्हेंबर १९५६मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजा इजिप्तच्या पोर्ट सईद बंदरात उतरल्या, लढाईत त्यांचं काही अडलं नव्हतं. अडलं लंडनमध्ये. पौंडाचा भाव २.८० डॉलरला बांधलेला, लोक पौंड विकत सुटलेले आणि भाव टिकवता टिकवता डॉलरचा साठा आटत चाललेला. अर्थमंत्री मॅकमिलन आधी मोहिमेचे खंदे समर्थक होते, तेच आता थांबा म्हणू लागले. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर बधेनात: आधी सैन्य काढा, मग पैशाचं बोलू. माघार कबूल केल्यावरच डिसेंबरात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं कर्ज मंजूर झालं. जानेवारीत पंतप्रधान ईडन यांचा राजीनामा.

प्रतिसाद २:
पटलं, पण ऐपत नसेल तर पत येणार कुठून?

प्रतिसाद १:
ऐपत लागतेच, पण दोन्ही सारख्या नसतात. अठराव्या शतकात फ्रान्स लोकसंख्येनं ब्रिटनच्या दुपटीहून मोठा, म्हणजे ऐपत दांडगी. तरी कर्ज स्वस्तात मिळे ते ब्रिटनला. बँक ऑफ इंग्लंड १६९४ची, कर वसूल करून व्याज वेळेवर भागवण्याची हमी पार्लमेंटची. फ्रान्सचा राजा मनात आलं की देणं बुडवी, मग सावकार व्याज चढवणारच. १७८९मध्ये त्याला इस्टेट्स-जनरल ही तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा बोलवावी लागली ती तिजोरीत खडखडाट झाला म्हणूनच. नेपोलियनशी लढून संपेपर्यंत ब्रिटनचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीच्या आसपास गेलं होतं, तरी देणारे देतच होते.

प्रतिसाद ३:
आपल्याकडचं पाहा. पहिल्या बाजीराव पेशव्याची गुरू ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली कर्जाची रडगाणी प्रसिद्धच आहेत. सावकारांच्या पाया पडून कपाळ झिजलं म्हणतो बिचारा! रणात एवढा दबदबा, आणि घोडदळाचा पगार मात्र उसनवारीवर. त्याची पत अगदीच नव्हती असं नाही म्हणता येणार, कर्ज मिळत तर होतं. पण ती पेशव्याच्या नावावरची पत. राज्याच्या नावावर कायम कर्ज उभारणारी पेढी नव्हती.

प्रतिसाद ४:
वर्तमानपत्रं ऊठसूट 'आर्थिक महासत्ता' लिहितात, त्यात हा फरक पार बुजतो. उत्पादनाचा आकडा ऐपत सांगतो. आपल्याच चलनात जगाकडून कर्ज घेता येणं, जे आज अमेरिकेला जमतं, ती पत. 'पतपेढी', 'पतसंस्था' या शब्दांमुळे 'पत' गल्लीतली वाटते, एवढंच.

प्रश्नकर्ता:
वाक्य असं केलं: 'पौंडाची पत ढासळली आणि जिंकत आलेली फौज परत फिरली.' 'पौंडाच्या पतीवर घाला' असंही सुचलं होतं.

प्रतिसाद २:
ते नको! वाचक पौंडाचा नवरा शोधत बसेल.