नव्या देशात आधी काय, इस्पितळ की गावातली बाई?

उंबरठा: युद्धातून उठलेल्या देशाने आधी मोठी इस्पितळं बांधावीत, असं परवा एका मित्राने ठासून सांगितलं. मला बांगलादेश आठवला. १९७१ नंतर निर्वासित घरी परतले आणि कोलकात्याजवळच्या छावणीतून देवीची साथही सोबत घेऊन गेले. डॉक्टर सगळे शहरात. पुढे १९८० पासून 'ब्रॅक' या तिथल्या स्वयंसेवी संस्थेच्या बायका दहा वर्षं घरोघर फिरल्या. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. जुलाबाने सुकलेलं पोर याने वाचतं, हे आईच्या हातून करून घ्यायच्या. नंतर तपासनीस यायचा. आईला किती आठवतंय, त्यावर शिकवणारीचे पैसे! आपल्याकडच्या प्रशिक्षणांना हा नियम लावून बघा. म्हणून म्हणते, आधी गावातली बाई.

रोखठोक: ताई, चित्र गोड आहे. पण देवी काय गुळाने गेली? सरकारी लस टोचणारे गावोगाव हिंडले, रोगी कळवणाऱ्याला बक्षीस लावलं, तेव्हा १९७५ मध्ये भोला बेटावर तिथला शेवटचा रोगी सापडला. संस्था पूरक. यंत्रणा सरकारचीच लागते.

पारावरचा: सरकार तरी एकटं कुठे होतं? डॉ. जफरुल्ला चौधरींनी युद्धात त्रिपुरात जखमींसाठी इस्पितळ चालवलं, १९७२ मध्ये ढाक्याजवळ सावरला गणस्वास्थ्य केंद्र काढलं. १९८२ च्या औषध धोरणामागेही तेच. दीड हजारांवर निरुपयोगी नाहीतर घातक औषधं बाद झाली. कंपन्या विरोधात, डॉक्टरांची संघटनाही विरोधात. आणि धोरण आणलं कोणी? लष्करशहा इर्शादने. हे मात्र मला अजून गिळवत नाही.

रोखठोक: म्हणजे हुकूमशहा हवा?

पारावरचा: तसं म्हटलेलं नाही. नीट वाचा.

तालुक्याचा डॉक्टर: मीठ-गूळ मान्य. पण बाळंतिणीला रात्री दोनला रक्तस्राव सुरू झाला की रक्त लागतं, भूल देणारा लागतो. गावातली बाई फार तर गाडी बोलावेल. आणि मूठ कोणाची धरायची? माझी की आमच्या हिची? मीठ जास्त पडलं तर पोराला झटके येतात.

उंबरठा: डॉक्टर, रक्ताचं मान्य, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. मी 'आधी' लिहिलंय, 'फक्त' नाही. मुठीची शंका मात्र 'ब्रॅक'वाल्यांनाही होती. आयांनी केलेल्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत नेऊन मीठ मोजायचे.