जेट इंजिन गरम झालं की व्हायब्रेशन चढतंय, मदत हवी आहे (तातडीचं)

टर्बो_चिंचवड: नमस्कार मंडळी. आमचं छोटं टर्बोजेट टेस्ट बेंचवर चालवतोय. ६०,००० आरपीएमला सुरुवातीला एकदम मऊ चालतं. तीन-चार मिनिटं झाली की केसिंगचं (बाहेरच्या कवचाचं) व्हायब्रेशन चढायला लागतं, आरपीएम तेवढाच असताना. थंड केलं की पुन्हा सगळं ठीक. रोटर (आतला फिरणारा भाग) बॅलन्स करून आणलाय, तेव्हा कृपया तिकडे जाऊ नका. केसिंगला बाहेरून रिब मारल्या तर चालेल का? गुरुवारी चाचणी दाखवायची आहे.

जुना_एएमई: केसिंग कशाचं, पत्रा किती जाड, कुठेकुठे धरलंय, केसिंगचं तापमान किती? हे कळल्याशिवाय रिबबद्दल काय सांगणार?

टर्बो_चिंचवड: एसएस ३०४, दीड मिमी, व्यास १२०, लांबी २८०. तापमान ६००. माउंट नेहमीचेच, खालून. रिबचं सांगा ना.

इन्कोनेलवाला: ३०४ काढून टाका. त्याचं प्रसरण दर अंशाला मीटरमागे १७ मायक्रॉन, इन्कोनेल ७१८ (निकेलचा मिश्रधातू) चं १३-१४. मूळ दुखणंच जाईल.

जुना_एएमई: दुखणं पावपट कमी होईल, जाणार नाही. आणि गुरुवारपर्यंत इन्कोनेलचं केसिंग कोण करून देणार? टर्बो, ६०० हे ईजीटी (बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान) असणार. केसिंगच्या आतल्या अंगाने कॉम्प्रेसरची हवा वाहते, ते एवढं तापत नाही. केसिंगवर थर्मोकपल आहे का?

टर्बो_चिंचवड: हो, ईजीटीच. केसिंगवर थर्मोकपल नाही. मागच्या फ्लँजवर आयआर गनने ३५०च्या आसपास दिसलं, पुढे १२०-१३०.

बॅलन्सिंग_भोसरी: कोणत्या ग्रेडला बॅलन्स केलाय? जी २.५ म्हटलं तर ६०,००० ला एक किलोच्या रोटरला फक्त ०.४ ग्रॅम-मिमी चालतं. टर्बाइन व्हील तापल्यावर शॅफ्टवर ढिलं होतं आणि केलेलं बॅलन्स जातं. माझ्याकडे अशी केस येऊन गेली आहे.

टर्बो_चिंचवड: बॅलन्सिंगवर जाऊ नका म्हटलं होतं.

एफएफटी_ताई: मला आधी रीडिंगच खरं आहे का ते बघायचंय. सेन्सर कोणता आणि बसवलाय कसा? साधे आयईपीई (आतच इलेक्ट्रॉनिक्स असलेले) व्हायब्रेशन सेन्सर १२० अंशांच्या पुढे भरवशाचे नसतात.

टर्बो_चिंचवड: साधाच आहे, मॅग्नेट बेसवर.

एफएफटी_ताई: ३०४ ला मॅग्नेट चिकटत नाही. मग लावलाय कशाला?

टर्बो_चिंचवड: मागच्या माउंटच्या एमएस (साधं पोलाद) ब्रॅकेटला. दोन बोल्टने पक्का आहे ना तो, म्हणून तिथे.

एफएफटी_ताई: म्हणजे तुम्ही केसिंगचं नाही, ब्रॅकेटचं व्हायब्रेशन मोजताय. आणि मागचा माउंटही पक्का आवळलेला, पुढचाही?

टर्बो_चिंचवड: अर्थात. इंजिन थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर) देतं, ढिलं कसं ठेवणार?

रबर_माउंट: चारही पायांखाली रबर पॅड घाला. कंप्रेसरला घातले होते, आवाजसुद्धा गेला.

जुना_एएमई: रबराने आकडा उतरेल, पण आत पाती केसिंगला घासत असतील तर ती घासतच राहतील. शिवाय लोडसेलचं (जोर मोजणाऱ्या सेन्सरचं) थ्रस्टचं रीडिंग बिघडेल. ब्रॅकेट ३५० च्या फ्लँजला लागून आहे, तिथे रबर टिकेलच कसं?

विमानवेडा_नाशिक: मोठ्या इंजिनांत टर्बाइन केसिंगवर बाहेरून हवा सोडून पात्यांची टोकं आणि केसिंग यांच्यातला गॅप राखतात ना? तसा ब्लोअर मारा. बाकी हे सगळं आपल्याकडे होतंय हे बघून बरं वाटलं, कावेरी हे देशी जेट इंजिन १९८९ ला मंजूर झालं आणि तेजस मात्र अजून परदेशी इंजिनावर उडतंय.

जुना_एएमई: कावेरीसाठी वेगळा धागा काढा, मी येतो. ब्लोअर नको. ती हवा क्रूझमध्ये केसिंग आकसवून गॅप कमी करण्यासाठी असते. इथे घासत असेल तर आणखी घासेल, आणि एकाच बाजूने मारली तर केसिंग गोलही राहणार नाही. उभ्या रिबचंही तसंच, रिबपाशी धातू जास्त म्हणून ती पट्टी उशिरा तापते. टर्बो, मागचं झाकण काढून श्राउड (टर्बाइनच्या पात्यांभोवतीचं कडं) बघा. खूण सगळीकडे आहे की एकाच बाजूला? पात्यांची टोकंही बघा.

टर्बो_चिंचवड: उघडलं. श्राउडवर खालच्या बाजूला, घड्याळात ४ ते ८ एवढ्याच भागात चकाकी आहे. वर मशीनिंगच्या रेघा जशाच्या तशा. पाती मात्र सगळीच टोकाला सारखी चकाकतात.

एफएफटी_ताई: मग रोटर जागेवर आहे, श्राउड सरकलंय. रोटर भेलकांडत असता तर मोजकीच पाती घासली असती आणि श्राउडवर खूण गोल फिरली असती.

जुना_एएमई: बरोबर. हिशोब करा. मागे त्रिज्या ६० मिमी, तापमानवाढ सव्वातीनशे अंश, म्हणजे त्रिज्या साधारण ०.३३ मिमीने वाढते. खालून जखडलंय, म्हणून मध्यबिंदू तेवढा वर जायला बघतो. पुढे जेमतेम ०.१. शॅफ्ट टनेल (शॅफ्टची बेअरिंग धरणारी नळी) तुम्ही पुढच्या बाजूने धरलेलं असणार, ते पुढच्याबरोबर राहतं; श्राउड वर उचललं जातं आणि खाली घासतं. लांबीतही जवळपास १ मिमी वाढ आहे, तिला जायला जागा नाही. सगळी वाढ श्राउडपर्यंत पोचत नसेल, पण गॅप किती ठेवलाय?

टर्बो_चिंचवड: ०.२. टनेल पुढूनच आहे.

जुना_एएमई: विमानातही एकच माउंट थ्रस्ट घेतो, दुसरा इंजिनाला लांबीत वाढू देतो. पुढचा पक्का ठेवा. मागे खालचा ब्रॅकेट काढून मध्यरेषेच्या उंचीवर दोन्ही बाजूंना आडव्या पिना द्या, पट्टीतल्या लांबट भोकात सरकणाऱ्या. म्हणजे केसिंग मागे आणि बाहेर वाढेल, मध्य हलणार नाही.

बॅलन्सिंग_भोसरी: माउंटचं पटलं. तरीही गरम असतानाची फेज (व्हायब्रेशनचं शिखर रोटरच्या कोणत्या कोनाला येतं ते) घेऊन ठेवा. पिना लावूनही ती सरकत राहिली तर व्हील सुटतंय.

टर्बो_चिंचवड: पिना उद्या करून घेतो. गुरुवारी थेट ६०,००० ला घेऊ ना?

एफएफटी_ताई: नाही. आधी ४०,००० वर पूर्ण तापू द्या, मागच्या फ्लँजला डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं) लावून पिना खरंच सरकतात का बघा. डायल कॅमेऱ्याने वाचा, व्हीलच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. सेन्सरसाठी पुढच्या फ्लँजवर स्टडचं भोक पाडा, आणि तिथलं तापमान आधी थर्मोकपलने मोजा.