हंसमानेच्या चंबूतलं कढणही गढूळ होतंय, चुकतंय कुठे?

प्रश्न (कोल्हापूर, आठवीचं विज्ञान प्रदर्शन)
जीव आपोआप उपजत नाहीत, हे दाखवायला पाश्चरचा प्रयोग मांडलाय. २५० मिलीचे दोन चंबू, प्रत्येकी १०० मिली मुगाचं कढण. एक उघडा, दुसऱ्याला रबरी बुचातून हंसाच्या मानेसारखी वाकवलेली काचनळी. कढण पातेल्यात १० मिनिटं उकळून ओतलं, बूच लावलं, गार पाण्यात निववलं. तिसऱ्या दिवशी दोन्ही गढूळ. पावसाळी हवेमुळे का?

प्रतिसाद १
हवेचा दोष नाही, सर. ओतताना आणि बूच लावतानाच जंतू आत गेले. बूच-नळी बसवूनच चंबू उकळा. नळीच्या टोकातून २० मिनिटं जोरात वाफ येऊ द्या, म्हणजे नळीही आतून निर्जंतुक होते. मग गार पाणी अजिबात नको. झटकन निवलं की हवा वेगानं आत ओढली जाते आणि धूळ नळीच्या बाकात न अडकता थेट कढणात पडते. शेगडीवरच निवू द्या. बुचाभोवती लगेच मेण ओता, नाहीतर हवा तिथूनच शिरेल.

शिवाय कडधान्यावर मातीतल्या जिवाणूंचे बीजाणू (टणक कवचातली सुप्त रूपं) असतात, ते उकळीतही तगतात. आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. जीव आपोआप उपजतात असं मानणाऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञ पूशेनं वाळल्या गवताचा काढा घेऊन पाश्चरला आव्हान दिलं, तेही अशाच बीजाणूंच्या बळावर. पाश्चर यीस्टचं साखरपाणी घ्यायचे. कढणच हवं असेल तर शास्त्रज्ञ टिंडलची १८७७ची रीत धरा: लागोपाठ तीन दिवस उकळी. मधल्या वेळात चंबू फ्रीजमध्ये नको, बाहेरच ठेवा. बीजाणू रुजले तरच पुढच्या उकळीत मरतात.

प्रतिसाद २
नळीच्या टोकाला कापूस कोंबू नका, मोह होतो. पाश्चरच्या आधी इटालियन शास्त्रज्ञ स्पालांझानीनं १७६५मध्ये काचेचं तोंड वितळवून बंद केलं, तासभर उकळलं, रस स्वच्छ राहिला. तरी जीव आपोआप उपजतात असं मानणारा नीडहॅम म्हणाला, आतली हवाच बिघडली. हवा मोकळी, धूळ मात्र अडलेली, हीच पाश्चरच्या नळीची खरी ताकद. आठवड्यानं चंबू तिरका करून कढण बाकापर्यंत नेऊन परत आणा. एक-दोन दिवसांत गढूळलं, तर जंतू बाकातल्या धुळीतच होते, हे उत्तर मुलांना तिथेच दिसतं.

प्रतिसाद ३
शेजारी इटालियन शास्त्रज्ञ रेडीचा १६६८चा, मांसात अळ्या आपोआप होत नाहीत हे दाखवणारा प्रयोगही मांडा. ताज्या मटणाचे तीन तुकडे: एक बरणी उघडी, एक झाकणाची, एक घट्ट विणीच्या मलमलीची. तुकडे खाटकाकडून डब्यातच आणा. वाटेत माशी बसली तर बंद बरणीतही अळ्या होतील. मलमल मटणाला टेकू देऊ नका. वासानं आलेल्या माश्या कापडावरच अंडी घालतात. ती पांढरी अंडी भिंगातून दाखवा.