मदत हवी आहे: ग्रॅनाइटच्या स्लाइडमध्ये दोन काळी खनिजं दिसतायत, दुसरं कोणतं? (अर्जंट)

गारगोटी
लवकर सांगा प्लीज, उद्या रात्री बारापर्यंत रिपोर्ट द्यायचा आहे. फील्डवरून आणलेल्या ग्रॅनाइटची स्लाइड (काचेवर चिकटवलेला पातळ काप) मायक्रोस्कोपखाली बघतेय. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार झाले. अडलंय ते काळ्या खनिजांवर. स्टेज (स्लाइड ठेवायची चकती) फिरवलं की एकाचा रंग बदलतो, ते बायोटाइट (काळा अभ्रक) म्हणून लिहिलं. दुसरं मात्र कितीही फिरवा, गडद तपकिरी ते तपकिरीच. काहींच्या कडेला हिरवं पण आहे. दुसऱ्याला हॉर्नब्लेंड (अँफिबोल गटातलं काळं खनिज) लिहून मोकळी होऊ का? फोटो चढवायचा प्रयत्न केला, होत नाहीये.

डोंगरभट
कुठला ग्रॅनाइट ते तरी सांगा. हंपीचा? जालोरचा? सगळे ग्रॅनाइट सारखे नसतात.

गारगोटी
स्कॉटलंड. एका बेटावरचा. त्याने काय फरक पडतो? खनिज तर खनिज आहे ना.

झिरकॉन
फरक पडतो हो. स्कॉटलंडला काय एकच बेट आहे? स्कायच्या रेड हिल्स आहेत, मलचा गुलाबी ग्रॅनाइट आहे, आरन आहे, सेंट किल्डा आहे. आणि एल्सा क्रेग असेल तर बायोटाइट हा शब्दच खोडा. तिथल्या मायक्रोग्रॅनाइटमधलं (बारीक दाण्यांच्या ग्रॅनाइटमधलं) गडद खनिज रिबेकाइट आहे, म्हणजे सोडियमवालं अँफिबोल. स्लाइडमध्ये ते गडद निळं दिसतं. मला तरी तुमचं 'न बदलणारं' खनिज तेच वाटतंय. कर्लिंगचे दगड याच बेटावरच्या खडकाचे करतात.

चहाटळ
कर्लिंग म्हणजे तो बर्फावर झाडू मारायचा खेळ ना? आमच्याकडे मामी रोज खेळतात.

झिरकॉन
हो तोच. दगड घट्ट आणि बारीक दाण्यांचा लागतो, म्हणजे पाणी मुरून गोठून तडकत नाही. ऑलिंपिकमधले दगडसुद्धा तिथलेच.

गारगोटी
कर्लिंग नको!!! आरन बेट. गोट फेल चढताना मधल्या टप्प्यावरचा नमुना. निळं काहीही नाही, तपकिरी म्हटलंय मी.

निवृत्तमास्तर
हे आधी सांगितलं असतंत तर वरचे पाच प्रतिसाद वाचले असते. आरनचा उत्तरेकडचा ग्रॅनाइट हा मुख्यतः बायोटाइट ग्रॅनाइट. साधारण ६ कोटी वर्षांपूर्वीचा, सुमारे १० किलोमीटर व्यासाचा गोल गठ्ठा, बाहेरून जाड दाण्यांचा आणि आत बारीक दाण्यांचा. गोट फेल (८७४ मीटर) जाड दाण्यांच्या भागात येतो. जेम्स हटन १७८७ साली या बेटावर गेला होता तो ग्रॅनाइट जुन्या शिस्टमध्ये (पापुद्र्यांच्या रूपांतरित खडकात) घुसलेला बघायलाच. आता माझे प्रश्न. निरीक्षण साध्या ध्रुवित प्रकाशात (एकच पोलरायझर, म्हणजे ध्रुवण गाळणी) केलंत की क्रॉस्ड निकॉल्समध्ये (दोन गाळण्या एकमेकींना काटकोनात)? क्लीव्हेज, म्हणजे खनिज ज्या पातळ्यांत फुटतं त्यांच्या रेघा, दिसतं का? किती दिशांना? आणि हातातल्या नमुन्यावर सुईचं टोक लावून पाहिलंत का? पापुद्रा सुटला आणि वाकवून सोडल्यावर परत सरळ झाला तर अभ्रक. हॉर्नब्लेंडचा पापुद्रा निघतच नाही. आजकालची मुलं स्लाइडला चिकटतात आणि दगड बाजूला ठेवतात.

गारगोटी
सर, नमुना डिपार्टमेंटच्या कपाटात आहे आणि कपाटाला कुलूप आहे. माझ्याकडे फक्त स्लाइड आणि मायक्रोस्कोप. साध्या प्रकाशात बघितलं. पहिल्याला एकाच दिशेच्या बारीक रेघा आहेत. दुसऱ्याला रेघाच नाहीत.

सूक्ष्मदर्शी
मग झालंच की. दोन खनिजं नाहीयेत, एकच आहे. बायोटाइटची रचना थरांची. स्लाइड कापताना काही दाणे उभे कापले जातात, काही आडवे. पत्त्यांचा कॅट बाजूने पाहिला तर रेघा दिसतात, वरून पाहिला तर फक्त एक पत्ता. रेघा असलेला दाणा फिकट पिवळ्यापासून गडद तपकिरीपर्यंत रंग बदलतो. थरांच्या पातळीत कापलेला दाणा, म्हणजे बेसल सेक्शन, फिरवला तरी जवळपास तेवढाच गडद राहतो आणि त्यात क्लीव्हेजच्या रेघा दिसत नाहीत. वर्णन तंतोतंत जुळतंय. काही बेसल दाणे षटकोनीही दिसतील.
आता निकॉल्स क्रॉस करून बघा. बेसल दाणा पूर्ण फेरीभर जवळजवळ काळाच राहिला तर प्रश्न मिटला.

निवृत्तमास्तर
सूक्ष्मदर्शी म्हणतात ते पटण्यासारखं आहे, पण विद्यार्थिनीला पूर्ण सांगा. रेघा उत्तर-दक्षिण (दृश्यात वर-खाली) केल्या की बायोटाइट सगळ्यात गडद होतं. ही तपासणी आधी करावी.

सूक्ष्मदर्शी
उत्तर-दक्षिण नव्हे मास्तर, पूर्व-पश्चिम. रोज बघतो.

निवृत्तमास्तर
मीही बघितलंय, तुमच्या जन्माआधीपासून. उत्तर-दक्षिणच.

सूक्ष्मदर्शी
जन्माचा दाखला स्कॅन करून टाकू का?

झिरकॉन
दोघंही बरोबर आहात, भांडू नका. क्लीव्हेज खालच्या पोलरायझरच्या कंपनदिशेला समांतर आली की बायोटाइट सर्वात जास्त प्रकाश शोषतं. जुन्या बऱ्याच मायक्रोस्कोपांत खालचा पोलरायझर उत्तर-दक्षिण असायचा, आताच्या बहुतेकांत पूर्व-पश्चिम असतो. आपल्या मायक्रोस्कोपची दिशा कोणती हे शोधायला प्रयोगशाळेत बायोटाइटचाच दाणा वापरतात. त्यामुळे ताई, तुमच्याकडे कोणत्या दिशेला गडद होतं यावरून खनिज ठरवू नका. गडद-फिकट होतं एवढं पुरे.

रसशाळा
विषय कृष्णाभ्रकाचा (काळ्या अभ्रकाचा) निघालाच आहे म्हणून सांगतो. आयुर्वेदातल्या रसशास्त्रात अभ्रकाचे चार प्रकार: पिनाक, दर्दुर, नाग आणि वज्र. अग्नीत टाकल्यावर पिनाकाचे थर सुटतात, दर्दुर बेडकासारखं उडतं, नाग फुत्कारतं आणि वज्राला काहीच होत नाही. भस्मासाठी वज्राभ्रकच घ्यावं, ते काळं असतं. आधी शोधन, मग साळीबरोबर घोळून धान्याभ्रक, मग पुटं (पुन्हापुन्हा भट्टीत तापवणं). शतपुटी, सहस्रपुटी अशी प्रत असते. आरनचं अभ्रक वज्र आहे का, कोणी तापवून पाहिलं आहे का?

गारगोटी
मला भस्म करायचं नाहीये, रिपोर्ट करायचा आहे.

चहाटळ
उद्या रात्री बारानंतर दोन्हीत फार फरक राहणार नाही.

कोकणकडा
एक बाळबोध शंका. घारापुरीसुद्धा बेटच आहे आणि अग्निजन्य खडकाचंच आहे. तिथे किंवा आमच्या सह्याद्रीत हा काळा अभ्रक का दिसत नाही? मी इतके कडे पालथे घातले, डोळ्यांना कधी चमकला नाही.

झिरकॉन
बायोटाइट बनायला पोटॅशियम लागतं आणि रचनेत हायड्रॉक्सिल लागतं, म्हणजे शिलारसात पाणी हवं. दख्खनचा बहुतेक बेसाल्ट पोटॅशियममध्ये गरीब, पाणीही कमी, त्यात तो पृष्ठभागावर येऊन भराभर थिजलेला. त्यामुळे पायरॉक्सिन आणि प्लॅजिओक्लेज (एक फेल्डस्पार) ही खनिजं बनतात. ग्रॅनाइटचा शिलारस खोलवर सावकाश थंड होतो, शेवटी उरलेल्या द्रवात पोटॅशियम आणि पाणी साठत जातं. आरनच्या ग्रॅनाइटमध्ये तर पोकळ्या आहेत, त्यात धुरकट क्वार्ट्झचे स्फटिक सापडतात. वायू आणि पाणी शेवटपर्यंत होतं याचीच ती खूण.
गंमत म्हणजे दोन्हींचा काळ फार लांब नाही. दख्खन सुमारे ६.६ कोटी वर्षं, आरन ६ कोटी. तिकडे उत्तर अटलांटिक उघडत होता तेव्हाचा हा ज्वालामुखीपट्टा आहे. स्काय, मल, रम सगळे त्यातच.

डोंगरभट
दख्खनमध्ये बायोटाइट नाही हे सरसकट विधान चुकीचं आहे. गिरनार बघा. दत्ताच्या पायऱ्या चढताना आजूबाजूला काय आहे? गॅब्रो, डायोराइट, सायनाइट. तिथल्या खडकांत बायोटाइट आहे.

झिरकॉन
मी 'बहुतेक बेसाल्ट' म्हटलंय. गिरनार बेसाल्ट नाही, तो त्याच काळात आत घुसलेला वेगळा गठ्ठा आहे. वाचून उत्तर द्या.

डोंगरभट
वाचूनच दिलंय. दहा हजार पायऱ्या चढूनही दिलंय.

गारगोटी
गिरनारसाठी वेगळा धागा काढता का?
क्रॉस्ड निकॉल्समध्ये पाहिलं. न बदलणारं खरंच जवळजवळ काळं राहतं, अगदी थोडं उजळतं. काही ठिकाणी षटकोनी वाटतात. म्हणजे बेसल. पण हिरवं राहिलंच. ते रेघांच्या बाजूने आत शिरलंय, आणि क्रॉस केल्यावर त्याचा रंग विचित्र निळा-जांभळा येतो. हे हॉर्नब्लेंड का?

सूक्ष्मदर्शी
नाही. तो निळा रंग क्लोराइट या हिरव्या खनिजाची सही आहे. बायोटाइट बदलून क्लोराइट होतं आणि ते क्लीव्हेजच्या बाजूनेच आत सरकतं. हॉर्नब्लेंड असतं तर आडव्या छेदात दोन दिशांच्या रेघा ५६ आणि १२४ अंशांत छेदताना दिसल्या असत्या, उभ्या छेदात एक्स्टिंक्शन (क्रॉस्ड निकॉल्समध्ये फिरवताना दाणा काळा होणं) रेघांना तिरकं आलं असतं. बायोटाइटचं रेघांना समांतर येतं, आणि काळं होतानाही दाण्यावर ठिपके चमकत राहतात. तेवढं बघून टाका.

निवृत्तमास्तर
आणि सुई.

झिरकॉन
अजून एक गोष्ट रिपोर्टमध्ये गुण देऊन जाईल. तपकिरी दाण्यांत बारीक काळसर वर्तुळं दिसतात का? मधे चिमुकला दाणा आणि भोवती डाग? ते बहुधा झिरकॉन. त्यातल्या युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सारामुळे भोवतालचं बायोटाइट डागाळतं. (माझं सदस्यनाम त्यावरूनच.)
क्लोराइटचं कारणही एका ओळीत लिहा. ग्रॅनाइट थंड होताना त्याच्या भेगांतून गरम पाणी फिरलं. या पट्ट्यातल्या बेटांवर, विशेषतः स्कायवर, पावसाचं पाणीच खोल जाऊन तापून फिरलं हे ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून दाखवलेलं आहे. 'हवामानाने झिजलं' एवढंच लिहू नका.

कोकणकडा
मग याच बायोटाइटवरून ६ कोटी वर्षं काढतात का?

झिरकॉन
काढता येतं, त्यातल्या पोटॅशियमच्या काही भागाचं सावकाश आर्गॉन होऊन ते साठतं. पण अंदाजे ३०० अंशांच्या खाली थंड झाल्यावरच घड्याळ चालू होतं, म्हणून ते वय थंड होण्याचं. आणि क्लोराइट झालेला दाणा त्या कामाला घेत नाहीत, पोटॅशियम निघून गेलेलं असतं.

प्रवासी_पक्षी
आरनला ऑक्टोबरमध्ये गेलं तर चालेल का? ब्रॉडिकला उतरून गोट फेल एका दिवसात होतो? सोबत सासूबाई आहेत.

डोंगरभट
होतो. वरचा भाग दगडांचा आणि वाऱ्याचा. सासूबाईंना खाली वाड्याच्या बागेत बसवा, तुम्ही चढा.

गारगोटी
वर्तुळं आहेत!! दोन-तीन दाण्यांत स्पष्ट. एक्स्टिंक्शन समांतर आलं. हॉर्नब्लेंड खोडलं.
शेवटचं सांगा. पॉइंट काउंटच्या (ठिपक्याठिपक्याला कोणतं खनिज ते मोजण्याच्या) तक्त्यात बेसल दाण्यांचा रकाना वेगळा आहे, तो बायोटाइटमध्ये मिळवते. पण क्लोराइट कुठे टाकू? वेगळं दाखवू की बायोटाइटमध्येच? खडकाचं नाव त्याने बदलेल का?

निवृत्तमास्तर
बायोटाइटमध्येच धरावं. ते मूळचं बायोटाइटच होतं. शिलारसातून काय बनलं हे महत्त्वाचं.

सूक्ष्मदर्शी
अजिबात नको. जे दिसलं ते मोजायचं. क्लोराइटचा रकाना वेगळा ठेवा आणि खाली टीप द्या की ते बायोटाइटपासून बनलंय. ज्याला मिळवायचं तो मिळवेल, एकदा मिसळलं की वेगळं कोणालाच काढता येणार नाही. नावाचं म्हणाल तर ग्रॅनाइट हे नाव क्वार्ट्झ आणि दोन फेल्डस्पार यांच्या प्रमाणावरून ठरतं, काळी खनिजं त्या वर्गीकरणाच्या त्रिकोणी आकृतीत धरतच नाहीत. फक्त आधीचं विशेषण बदलतं. हॉर्नब्लेंड ग्रॅनाइटऐवजी बायोटाइट ग्रॅनाइट.

निवृत्तमास्तर
आमच्या विभागात एकत्रच धरत.

गारगोटी
वेगळा ठेवते, सर. टीप देते. तक्ता परत बेरीज करायला बसतेय, मधे कोणी कर्लिंग आणू नका.

रसशाळा
तापवून पाहिलंत तर कळवा.